धुकं पडलं की गाडी मिसिंग मारायलीय, दुपारी मात्र एकदम ओके. काय असंल?

सिंदफणाकाठ (मंगळवार, रात्री ९:१०)

राम राम मंडळी. माझी १०० सीसीची गाडी हाय, २०१४ चं मॉडेल, कार्बोरेटरवाली, ६८ हजार पळालीय. माजलगाव धरणाच्या पाण्याला लागूनच आमचं गाव, रोज पहाटे साडेपाचला दुधाचे दोन कॅन बांधून डेअरीला जावं लागतं, अकरा किलोमीटर. दिवाळी झाल्यापासून गाडीनं लई ताप दिलाय. पहाटे आठ-दहा किका माराव्या लागतात, चालू झाली तर चोकवरच चालती, चोक सोडला की बंद. रस्त्याला लागलं की तिसऱ्या गियरला झटके मारती, पिकअप घेईना, मधीच सायलेन्सरमधून फाट्कन आवाज. धुकं असलं तर पार डेअरीपर्यंत तेच. अन् नऊ वाजता उन्हात रिकामे कॅन घेऊन वापस येतो तर त्याच गाडीला काहीच नसतं, पाण्यावानी पळती.

प्लग दोनदा बदलला, एअर फिल्टर नवा टाकला, दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल टाकून पाह्यलं. मिस्त्रीकडं न्यायला दुपार होती, त्याच्यापुढं गाडी नीटच चालती, मग तो म्हणतो काही फॉल्ट नाही. आता सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलून बघू म्हणतोय. मागच्या सोमवारी गाडी मधीच बंद पडली, पोचलो तवर संकलन बंद झालतं, साठ लिटर दूध वापस आणून घरी खवा आटवला. असं रोज परवडत नाही. कुणाला असा अनुभव असंल तर सांगा.

गंगाखेड_एमएच२२ (मंगळवार, रात्री ९:३४)

सीडीआयच असंल भाऊ. माझ्या गाडीचं बी असंच व्हायलतं, सीडीआय बदलला की क्लिअर.

लातूर_फिटर (मंगळवार, रात्री १०:२०)

भाऊ, सीडीआयला आत्ताच हात लावू नका. मी बावीस वर्षं हेच काम करतोय, लातूरला, आणि थंडीच्या दिवसांत दर आठवड्याला अशा चार-पाच गाड्या येतात, त्यात सीडीआय गेलेला असतो तो एखाद्याचाच. आणि तो गेला तर बहुतेक वेळा इंजिन तापल्यावर त्रास देतो, तुमचं तर उलटं आहे.

तुम्ही थंडी आणि धुकं एकाच वाक्यात लिहिलंय, तिथंच गडबड आहे. गार असल्यावर जो फॉल्ट दिसतो तो बहुतेक पेट्रोलकडचा असतो, आणि ओल आल्यावर जो दिसतो तो बहुतेक करंटकडचा. सकाळी दोन्ही एकदम असतात म्हणून माणसाला एकच वाटतं, मग पार्ट बदलत बसतो. मला दोन गोष्टी आठवून सांगा. धुकं अजिबात नाही, हवा कोरडी आहे, पण थंडी कडक आहे, अशा दिवशी गाडी नेमकी किती वेळ त्रास देते? आणि दुसरं, भर उन्हात गाडी धुतल्यावर कशी चालते?

सिंदफणाकाठ (मंगळवार, रात्री १०:४८)

असा इचारच केला नव्हता. आठवून सांगतो. कोरड्या थंडीत चालू व्हायला त्रास आहेच, चोकवर दोन-अडीच किलोमीटर जावं लागतं, मारुतीच्या पारापासून पुढं चोक सोडला तरी नीट पळती, झटके नाहीत. धुक्यात मात्र शेवटपर्यंत.

अन् धुतल्याचं म्हणाल तर खंडेनवमीला गाडी धुऊन पूजा केली, हार घातला, अन् लेकराला घेऊन चक्कर मारायला निघालो तर दुपारी बाराच्या उन्हात मिसिंग मारायली. तवा वाटलं पाणी गेलं असंल कुठंतरी, संध्याकाळपर्यंत आपोआप नीट झाली म्हणून सोडून दिलं.

लातूर_फिटर (मंगळवार, रात्री ११:१५)

खंडेनवमीलाच गाडीनं सांगितलं होतं की. उन्हात, गरम इंजिनवर, नुसत्या पाण्यानं मिसिंग, म्हणजे तिथं थंडीचा संबंधच नाही. करंट लीक होतोय. आणि कोरड्या थंडीत दोन-अडीच किलोमीटर चोक मागते तो वेगळा फॉल्ट, तो कार्बोरेटरमध्ये आहे. तुमच्या गाडीला दोन दुखणी आहेत भाऊ, एकमेकांवर बसलेली. म्हणून प्लग बदलला तरी फरक नाही, फिल्टर बदलला तरी नाही.

पहिलं चोकचं सांगतो. पेट्रोल पातळ असताना जळत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. गार इंजिनात वाफ कमी होते, बरंचसं पेट्रोल मेनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळीच्या) भिंतीला ओलं चिकटून राहतं, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची आणि पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं. पण १०० सीसीच्या चांगल्या गाडीला आपल्याकडच्या थंडीत एक मिनिट, फार तर दोन मिनिटं चोक पुरतो. अगदी परभणीला पारा पाच-सहावर येतो तेव्हासुद्धा. अडीच किलोमीटर लागतोय म्हणजे कार्बोरेटर मुळातच पेट्रोल कमी देतोय, आणि ते कमी पडलेलं तुम्ही चोकनं भरून काढताय. यात नव्वद टक्के वेळा स्लो जेट असतो. बारीक छिद्राचा पितळी जेट असतो, त्यात थोडा जरी मेणासारखा थर धरला तरी स्लोला आणि कमी रेसला गाडी उपाशी राहते. इंजिन तापलं की तेवढ्यावर भागतं, गार असताना भागत नाही.

कार्बोरेटर खोलायच्या आधी एक करा. पेट्रोल कॉक बंद करा, कार्बोरेटरच्या बुडाला ड्रेन स्क्रू असतो तो सोडून बाऊलमधलं पेट्रोल काचेच्या ग्लासात घ्या आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. तळाला पाऱ्यासारखे गोल थेंब लोळताना दिसले तर ते पाणी. बिडी-काडी लांब ठेवा आणि गोठ्यातल्या बल्बखाली, चुलीजवळ असलं काही करू नका, मोकळ्यावर करा.

मग जेट काढून कार्बोरेटर क्लिनर मारा आणि हवेच्या प्रेशरनं फुंका. जेटमध्ये सुई किंवा स्टीलची तार घालू नका, छिद्र मोठं झालं की जेट गेला. फारच घट्ट बसला असेल तर लाईटच्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार चालते, पितळापेक्षा ती मऊ असते. एअर स्क्रू (स्लोला हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो किती आटे बाहेर आहे ते आत फिरवून मोजा आणि भिंतीवर लिहून ठेवा, कागद हरवतो.

टॅपेटचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातल्या फटीचं) सेटिंग कधी केलंय शेवटचं? ६८ हजारात टॅपेट घट्ट झाली असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गार असताना कॉम्प्रेशन कमी मिळतं, किका जास्त लागतात. टॅपेटचा खडखड आवाज आला की सगळे धावत येतात, घट्ट झालेलं टॅपेट आवाज करत नाही म्हणून कुणी बघत नाही. इंजिन पूर्ण गार असताना फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावूनच करायचं, माप गाडीच्या पुस्तकात बघा, अंदाजानं नाही.

नांदेड_वायरिंगवाला (बुधवार, सकाळी ७:०५)

लातूरवाल्या दादांनी पेट्रोलचं सांगितलं, करंटचं मी सांगतो, माझं कामच ते आहे.

मिस्त्री लोक प्लग काढून हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) टेकवतात, किक मारतात, निळी ठिणगी दिसली की म्हणतात करंट ओके. ही तपासणी अर्धीच आहे. बाहेर मोकळ्या हवेत ठिणगी पडायला कमी व्होल्टेज लागतं, आत सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते तेव्हा त्याच फटीतून उडी मारायला कितीतरी जास्त लागतं, दहा-पंधरा हजार व्होल्टच्या घरात. करंट नेहमी सोपी वाट धरतो. प्लगच्या फटीपेक्षा कॅपवरून, वायरवरून बॉडीला जायची वाट सोपी सापडली की तो तिकडून पळतो. कोरड्यात ती वाट नसते. धुक्याचं पाणी नुसतं असतं तर एवढं बिघडलं नसतं, पण आपल्या काळ्या मातीची धूळ, तेल, त्यावर ते पाणी, असा लेप बसला की झाली वाट तयार. भार घेऊन तिसऱ्या गियरला रेस दिली की सिलिंडरमधला दाब वाढतो, म्हणून झटके तिथंच येतात, स्लोला येत नाहीत. तुमचे दोन कॅन मागं असतात, लक्षात घ्या.

रात्री करून बघा, पैसे लागत नाहीत. पूर्ण अंधार पाहिजे, लाईट बंद करा, पण जागा मोकळी पाहिजे. गाडी चालू करून स्टँडवर लावा, कपड्यांना इस्त्री करताना वापरतात ती फवाऱ्याची बाटली घ्या, प्लग कॅप, एचटी वायर (कॉइलपासून प्लगपर्यंतची जाड वायर) आणि टाकीखालच्या कॉइलवर बारीक पाणी मारा, सायलेन्सर आणि हेडवर धार सोडू नका. हात लांब. लीक असेल तर त्या जागी निळे धागे नाचताना दिसतील, टिक-टिक आवाज येईल आणि गाडी तिथंच मिसिंग मारेल. गाडी चालू असताना कॅपला हात लावायचा नाही, झटका जबर बसतो. आणि पेट्रोल काढायचं काम त्याच जागी, त्याच वेळी करू नका.

परळी_९० (बुधवार, सकाळी ८:४०)

सगळे बोलले पण ई२० चं (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) कुणी बोललंच नाही. २०१४ ची गाडी आहे, ती या पेट्रोलसाठी बनलेलीच नाही. मी इंजिनिअरिंग केलंय म्हणून थोडं सांगतो. इथेनॉलची वाफ करायला पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून गार इंजिनात ते लवकर पेटत नाही. ब्राझीलमध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांना थंडीत चालू करण्यासाठी साध्या पेट्रोलची वेगळी छोटी टाकी द्यायचे, यावरून समजा. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळं जुन्या जेटवर मिश्रण आणखी पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आणि ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी ठराविक मर्यादेच्या वर गेलं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून टाकीच्या तळाला वेगळं बसतं, आणि कॉक तळातूनच पेट्रोल घेतो.

लातूर_फिटर (बुधवार, दुपारी १:३०)

परळीकरांचं म्हणणं बरोबर आहे, पण एक सांगतो, याच पेट्रोलवर त्याच मॉडेलच्या शेकडो गाड्या चालू आहेत. ई२० नं कमजोर गाडीची कमजोरी लवकर उघडी पडते, एवढं मी मानतो. पेट्रोलला शिव्या देऊन जेट साफ होत नाही. टाकी अर्धी-पाव ठेवू नका, रात्री गार पडलं की रिकाम्या जागेतल्या हवेचं पाणी होतं. टाकीच्या झाकणाचं रबर बघा, सर्व्हिसिंगला प्रेशरनं धुतात तेव्हा तिथून पाणी जातं. २०२५ च्या सप्टेंबरात जो पाऊस झाला त्यानंतर माझ्याकडं आलेल्या गाड्यांच्या टाक्यांतून मी बाटलीनं पाणी काढलंय, बीड-धाराशिवकडच्या लोकांच्या गाड्या दोन-दोन दिवस पाण्यात उभ्या होत्या. काही जणांनी तशाच किका मारल्या आणि इंजिनची वाट लावली. शेतकऱ्याची गाडी म्हणजे त्याचे पाय असतात हो, जीव तुटतो असं बघितलं की.

अंबाजोगाईची_ताई (बुधवार, दुपारी ३:०२)

मधेच विचारते, माफ करा. माझी स्कूटर २०२१ ची आहे, बीएस६, फ्युएल इंजेक्शनची. सकाळी शाळेला निघताना पहिल्या सेल्फला चालू होत नाही, तिसऱ्या-चौथ्याला होते. तिला चोकच नाही, मग हे सगळं मला लागू पडतं का?

नांदेड_वायरिंगवाला (बुधवार, दुपारी ३:४५)

ताई, तुमच्या गाडीत इंजिन किती गार आहे ते सेन्सर बघतो, आणि त्यावरून गाडीतला छोटा कॉम्प्युटर पेट्रोल आपोआप वाढवतो, तेच चोकचं काम. तुम्ही एवढंच करा, चावी ऑन केल्याबरोबर सेल्फ दाबू नका. दोन-तीन सेकंद थांबा, टाकीकडून हलका गुंऽऽ आवाज येतो, तो पंप प्रेशर तयार करतोय, तो थांबला की सेल्फ मारा. तरी तीच तक्रार राहिली तर बॅटरी तपासून घ्या, थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि इंजेक्शनच्या गाडीला पंप, सेन्सर, ठिणगी सगळं बॅटरीवरच. सेल्फ मारताना मीटरचा दिवा मंद होतो का बघा. पिवळा इंजिनचा दिवा जळत राहत असेल तर मात्र शोरूमलाच दाखवा, घरी उघडू नका.

अंबाजोगाईची_ताई (गुरुवार, सकाळी ८:१५)

आज थांबून सेल्फ मारला, पहिल्याच वेळी चालू झाली! मी चार वर्षं चावी आणि सेल्फ एकदमच करत होते. धन्यवाद भाऊ. दिवा पण मंद होतोय थोडा, रविवारी बॅटरी दाखवते.

गंगाखेड_एमएच२२ (गुरुवार, सकाळी ९:५०)

लातूरवाले दादा, वाचून इचार करायलो. माझा सीडीआय बदलला तवा मिस्त्रीनं प्लग कॅप बी नवी टाकली होती. मंग नीट कशानं झाली म्हणायची?

लातूर_फिटर (गुरुवार, दुपारी २:१०)

जुना सीडीआय ठेवलाय का? असेल तर लावून बघा एकदा, पाच मिनिटांचं काम आहे. चालली तर एक सीडीआय घरात जास्तीचा झाला.

सिंदफणाकाठ (रविवार, रात्री ८:३०)

मंडळी, सगळं केलं, सविस्तर सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल.

गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर गाडी अंगणात घेतली, बाहेरचा लाईट बंद केला, पोराच्या हातात टॉर्च दिली अन् म्हणलं मी सांगेन तवाच लाव. फवारा मारला. कॉइलवर काही नाही. वायरवर काही नाही. कॅपवर मारला अन् कॅपच्या खालच्या कडेपासून हेडच्या बाहेरच्या पात्यांपर्यंत निळी बारीक रेघ तडतडायली, गाडी लगेच भकभक करून बंद पडायला आली. पोरगं म्हणलं पप्पा वीज. मला तर बघून अंगावर काटा आला, दोन महिने ही गोष्ट डोळ्यापुढं होती अन् दिसली नाही.

शुक्रवारी दुपारी कॅप काढली. वरून चांगली दिसती, पण पुसून उन्हात धरली तर रबराच्या वर प्लास्टिकला केसाएवढी भेग, अन् भेगेच्या कडेनं पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ. कॅप वायरवरून फिरवून काढली तर आतल्या तारेचं टोक हिरवं पडलेलं. नांदेडवाल्या दादांना मेसेज केला तर ते म्हणले वायर लांब असंल तर अर्धा सेंटिमीटर टोक कापून ताजी तार घ्या अन् नवी कॅप फिरवून बसवा. तसंच केलं. कॅपच्या तोंडाला आतून सिलिकॉन ग्रीस लावलं, चाकाचं साधं ग्रीस लावायचं नाही हे बी त्यांनीच सांगितलं. कॅपला खर्च दीडशेच्या आत.

मंग कार्बोरेटर. ग्लासात पेट्रोल घेतलं, तळाला सात-आठ थेंब, ग्लास हलवला की इकडून तिकडं पळायलते. टाकी पूर्ण रिकामी करून कॉक धुतला, कॉकच्या जाळीवर तपकिरी चिकट घाण. स्लो जेट काढून सूर्याकडं धरला तर आरपार उजेडच दिसंना. क्लिनर मारून रात्रभर ठेवला, सकाळी टायरवाल्याकडं हवा मारून आणली, आता बारीक ठिपका स्वच्छ दिसतो. एअर स्क्रू दोन आट्याला थोडा कमी होता, भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलं तसाच लावला. टॅपेट मिस्त्रीकडं केली, इंजिन गार असताना करा म्हणलं तर त्यानं गाडी रात्री ठेवून घेतली अन् सकाळी केली. एक्झॉस्टचं टॅपेट घट्ट निघालं, गेज जाईचना. त्याला कॅपची भेग दाखवली, तो बी बराच वेळ निरखून बघत होता, म्हणला आता धुक्यात मिसिंगची गाडी आली की आधी अंधारात पाणी मारून बघतो.

आज पहाटे धुकं एवढं होतं की पुढचा खांब दिसंना, ऊस दोन्ही बाजूला, मिशीवर पाणी जमायलतं. चोक ओढला, दुसऱ्या किकला चालू. कॅन बांधूस्तोवर चोक सोडला, बंद पडली नाही. तिसऱ्या गियरला मुद्दाम रेस दिली, एक झटका नाही. डेअरीत माझा नंबर चौथा लागला.

एक राह्यलंय. चोक सोडल्यावर पहिलं मिनिटभर रेस सोडली की स्लो जरा खाली येतो, बंद पडत नाही पण थरथरती. नवा प्लग दोन महिने चोकवर चालून काळा पडलेला होता, तोच साफ करून लावलाय. बदलू का?

लातूर_फिटर (रविवार, रात्री ९:०५)

बदला, प्लग शंभर-दीडशेची वस्तू आहे. काजळी एकदा पोर्सिलिनच्या आत बसली की ब्रशनं पूर्ण निघत नाही, गार असताना तिच्यावरूनच करंट गळतो. नव्या प्लगची फट मापून लावा. तरी थरथर राहिली तर कार्बोरेटर आणि हेडच्या मधलं पॅकिंग आणि ओ-रिंग बघा, आत्ताच खोललंय तुम्ही, नीट बसलं नसेल तर तिथून हवा घेते. गाडी स्लोला ठेवून त्या सांध्यावर थोडं पाणी सोडा, आवाज बदलला तर तिथंच आहे.

आणि गोठ्याच्या बंद पत्र्यात गाडी गरम करत असाल तर ते आजपासून बंद. त्या धुरात बिनवासाचा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साईड) असतो, जनावरं बांधलेली असतात, माणसं असतात. बाहेर काढून मगच किक मारा.

सिंदफणाकाठ (सोमवार, सकाळी १०:२०)

प्लग टाकला दादा, थरथर गेली. गाडी आता रात्रीपासूनच गोठ्याबाहेर ओसरीला लावतो, वरून पोतं टाकून.